जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडल्यास दोष कसा शोधावा

टाकी भरूनही काटा जागचा हलत नसेल, तर गॅरेजमध्ये बहुधा टाकीतील फ्लोट युनिट, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगत्या गोळ्याचा भाग, बदलण्याचा सल्ला मिळतो. तो खर्च करण्यापूर्वी अर्धा तास काढून स्वतः तपासणी करावी, कारण गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पुष्कळदा युनिट शाबूत असते आणि त्याची अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेली विद्युत जोडणी, तेवढी गंजलेली असते. चोर्ला घाट चढताना काटा थोडा हलला, तर तो मात्र दोष नव्हे. तपासणी सपाट जागीच करावी.

पेट्रोलच्या पातळीबरोबर फ्लोट वरखाली होतो, त्याचा दांडा रोधाच्या (विजेच्या प्रवाहाला अडवणाऱ्या) पट्टीवर सरकतो आणि त्या रोधाप्रमाणे काटा हलतो. इंजिनाच्या तापमानाचा काटाही बंद असेल, तर आधी फ्यूज पाहावा.

त्यानंतर चावी बंद करून युनिटचा कपलर (तारा जोडणारा प्लग) काढावा; तो बहुधा मागच्या सीटखाली किंवा डिकीतील मॅटखाली सापडतो. काट्याकडे जाणारी तार १२ व्होल्ट, ३.४ वॅटच्या बल्बमधून गाडीच्या स्वच्छ धातूला जोडावी. तार थेट जोडू नये, काटा जळू शकतो. जोडणी पक्की झाल्यावरच चावी फिरवावी, कारण टाकीजवळ ठिणगी पडता कामा नये. जुने काटे सावकाश चालतात, म्हणून अर्धा मिनिट थांबावे. काटा हलला, तर काटा आणि तार दोन्ही ठीक आहेत. न हलल्यास दोष त्या दोहोंपैकी एकात आहे.

काटा हलला असल्यास चावी बंद करून कपलर पुन्हा बसवावा आणि युनिटच्या अर्थिंगपासून बॉडीपर्यंत एक तात्पुरती तार जोडून पाहावी. तेवढ्याने काटा जिवंत झाला, तर अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासावी, स्क्रू घट्ट करून वर व्हॅसलीन लावावे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तोच त्रास होणार नाही.

एवढे करूनही फरक पडला नाही, तरच युनिट काढावे. त्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, टाकीत पेट्रोल कमी असावे आणि काम उघड्यावरच करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद गॅरेजमध्ये जमिनीलगत साचते, म्हणून येथे घाई करू नये, ही कळकळीची विनंती. फ्लोट हलवताना मल्टिमीटर या विद्युत मोजमापाच्या यंत्रावर दिसणारा रोध सलग बदलला पाहिजे; मध्येच उडी मारल्यास पट्टी झिजली आहे. फ्लोट हलवून आत पेट्रोल शिरल्याचा आवाज येतो का, तेही ऐकावे. युनिट परत बसवताना गॅस्केट नवेच घालावे.