ज्युरीला नेमकं काय सांगितलं होतं? कलम २७३ए च्या अपिलाची तयारी

कॅलिफोर्नियात फौजदारी अपिलांचं काम शिकताना तिथल्या दंडसंहितेचं कलम २७३ए(ए), म्हणजे मुलाचा जीव धोक्यात घातल्याची शिक्षा, अशी फाइल हाती आली की आधी तारीख पाहा. फेलनीत (गंभीर गुन्ह्यात) निकालापासून ६० दिवसांत अपिलाची नोटीस दाखल व्हावी लागते, मिस्डिमीनरमध्ये (किरकोळ गुन्ह्यात) ३०.

मग क्लार्कच्या ट्रान्स्क्रिप्टमधून (खटल्यातल्या कागदपत्रांच्या संचातून) ज्युरीला दिलेल्या लेखी सूचना काढा आणि न्यायाधीशांनी वाचून दाखवलेल्या मजकुराशी ओळीने ताडून पाहा. फरक निघाला तर सहसा लेखी प्रतच ग्राह्य धरतात. त्यामुळे नुसती वाचताना जीभ घसरली असेल तर त्यावर ब्रीफ (अपिलाचा लेखी युक्तिवाद) उभं करू नका.

खरी मेख कॅलक्रिम ८२१ मध्ये, म्हणजे या गुन्ह्यासाठी ज्युरीला द्यायच्या राज्याच्या नमुना सूचनेत असते. आरोपीने स्वतः मारलं नाही, पण मुलाला धोक्याच्या परिस्थितीत राहू दिलं, असा आरोप असेल तर गुन्हेगारी स्वरूपाचा निष्काळजीपणा सिद्ध व्हावाच लागतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘पीपल विरुद्ध वाल्डेझ’मध्ये हे स्पष्ट केलं. नुसतं दुर्लक्ष किंवा चुकलेला अंदाज पुरत नाही. दुसऱ्याच्या जिवाची पर्वाच नाही, इतकं ते वागणं बेफिकीर हवं. ही व्याख्या गळली असेल तर सरकारी वकिलाचं शेवटचं भाषण आणि ज्युरीने आतून पाठवलेल्या चिठ्ठ्या बारकाईने वाचा. ‘जबाबदार आई असं करणारच नाही’ एवढ्यावरच भर दिला असेल, तर चूक निकालाला भोवली हे तिथूनच दाखवता येतं.

दुसरा मुद्दा हलक्या गुन्ह्याचा. सावलीत, काचा खाली करून थोडा वेळ गाडीत ठेवलेलं मूल घ्या. जबर इजेचा संभव होता का, यावर पुराव्यातूनच दुमत होऊ शकत असेल तर २७३ए(बी)चा, म्हणजे जबर इजेचा संभव नसतानाच्या हलक्या गुन्ह्याचा, पर्याय न्यायाधीशांनी ज्युरीला आपणहून द्यायला हवा. बचावाच्या वकिलाने डावपेच म्हणून तो नाकारला असेल, तर मात्र ही वाट बहुधा बंद.

खटल्यात हरकत घेतली नव्हती म्हणून लगेच हात टेकू नका. आरोपीच्या मूलभूत हक्काला धक्का लागला असेल तर दंडसंहितेच्या कलम १२५९ खाली अपील न्यायालयाला ज्युरीची सूचना तपासता येते. सूचनेतून गुन्ह्याचा घटकच गळला असेल तर ‘चॅपमन’ (१९६७) या खटल्यातली कसोटी लागते: चुकीने काही बिघडलं नाही हे सरकारने निःसंशय दाखवायचं. हलका पर्याय न दिल्यास ‘वॉटसन’ (१९५६) खटल्यातली, आणि तिथे चूक निकालाला भोवली हे दाखवण्याचं ओझं आपल्यावर. म्हणून घटक गळल्याचा मुद्दा आधी मांडावा.

अपील जिंकलं तरी बहुधा फेरखटला होतो, किंवा सरकार हलक्या गुन्ह्यावर समाधान मानतं. अशिलाला हे सुरुवातीलाच सांगा. तो अमेरिकन नागरिक नसेल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही त्याच आठवड्यात गाठा.