एक जंगल, एक पाणथळ: उष्ण कटिबंधातली पक्षीनिरीक्षणाची सुट्टी कशी आखावी

दहा दिवसांत चार राष्ट्रीय उद्यानं करायची असा बेत आखला, की त्यातले निदान तीन दिवस गाडीतच जातात. उरलेल्यांतला एकेक दिवस नवी जागा समजून घेण्यात संपतो. उष्ण कटिबंधाच्या जंगलात पक्ष्यांच्या जाती भरपूर असतात, पण बहुतेक जातींची संख्या विरळ असते. त्यामुळे एकाच पायवाटेवर तिसऱ्या सकाळीही नवे पक्षी मिळत राहतात. दहा दिवस हातात असतील तर एक जंगल आणि एक पाणथळ निवडा, दोन्हीकडे किमान चार रात्री काढा आणि त्यांच्यामधला प्रवास दुपारी उरका. दिसलेल्या पक्ष्यांची यादी याने आखूड होत नाही, उलट वाढते.

आधी पाणी, मग तारीख

पाणथळीला कधी जायचं ते कॅलेंडरवर ठरवू नका, पाण्याच्या पातळीवर ठरवा. कोरड्या हंगामाच्या अखेरीस डबकी आटत जातात, मासे उरलेल्या पाण्यात कोंडले जातात आणि करकोचे, बगळे, शराटी, पाणकावळे तिथेच गर्दी करतात. ब्राझीलच्या पांतानालमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात आणि ऑस्ट्रेलियातल्या काकाडूत सप्टेंबर-ऑक्टोबरात ही गर्दी पाहायला मिळते. काकाडूच्या मामुकाला पाणथळीवर मॅगपाय गीज, म्हणजे काळी-पांढरी हंसासारखी पाखरं, हजारोंनी उतरतात. धोका एवढाच, की पहिला मोठा पाऊस झाला की सगळीकडे पाणी होतं आणि हेच पक्षी काही दिवसांत पांगतात. म्हणून हंगामाच्या अगदी शेवटच्या आठवड्याचं आरक्षण करू नका, दोन-तीन आठवडे अलीकडचं घ्या. निघण्याच्या पंधरा दिवस आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारा: पाणी आत्ता कुठपर्यंत आहे?

जंगलाचं गणित वेगळं आहे. पावसाच्या सुरुवातीला पक्षी गाऊ लागतात, म्हणून सापडायला सोपे जातात. पण वाटा चिखलाच्या होतात आणि जळवा वाढतात. धनेशांसाठी विणीचा काळ आणि अंजीरवर्गातली झाडं फळांवर येण्याचा काळ, दोन्हींची चौकशी करा. पेरूच्या मानू भागात मकाव पोपट नदीकाठच्या मातीच्या दरडींवर माती खायला येतात, ते कोरड्या दिवसांत आणि सकाळी. पाऊस पडत असेल तर ते बहुधा फिरकतच नाहीत, म्हणून अशा दरडीसाठी एक सकाळ राखीव ठेवावीच.

समुद्रकाठच्या चिखलपट्ट्यांवर सगळं भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला तुतारी आणि चिखल्या या पक्ष्यांचे थवे इतके लांब असतात की स्कोपमधूनही (तिकाटण्यावरच्या एकनळी दुर्बिणीतूनही) ठिपकेच दिसतात. भरतीच्या दोन तास आधी जाऊन बसा. पाणी चढत येतं तसं ते पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते आणि चिखल जवळजवळ पूर्ण झाकला जातो. अष्टमीच्या सुमाराला ती भांगाची, म्हणजे लहान असते, बराच चिखल उघडा राहतो आणि पक्षी दूरच थांबतात. सुट्टीच्या तारखा पक्क्या करण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा, आणि सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडा.

फाटकाची वेळ

विषुववृत्ताजवळ बारा महिने दिवस साधारण बारा तासांचाच असतो आणि उजाडतंही झपाट्याने. आपल्या सवयीची लांबलेली पहाट तिथे मिळत नाही. जंगलाच्या कडेला सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उभं राहायला हवं. इथेच बहुतेक बेत फसतात, कारण अनेक उद्यानांची फाटकं उजाडल्यावर उघडतात आणि न्याहारी सातला असते. आरक्षण करतानाच विचारून घ्या: मुक्काम फाटकाच्या आत आहे का? नसेल तर पहाटे आत जाण्याची परवानगी मिळते का? न्याहारी बांधून देतात का? वाटाड्या पक्ष्यांचे आवाज ओळखतो का? गटात सहापेक्षा जास्त माणसं असतील तर अरुंद वाटेवर मागच्यांना काहीच दिसत नाही. सहलीचं रंगीत पत्रक या प्रश्नांपुढे गौण आहे.

जंगलात सकाळी सहा ते साडेनऊ हा काळ सोन्याचा. ऊन तापून हवा वर चढू लागली की शिकारी पक्षी घिरट्या घालायला निघतात, तेव्हा उघड्या माळावर किंवा नदीच्या वळणावर या. दुपारी झोपा, नोंदी नीट करा. साडेतीननंतर पुन्हा बाहेर.

मिश्र थवा आला की

उष्ण कटिबंधातल्या जंगलात अर्धा तास एक पानही हलत नाही आणि मग पाच मिनिटांत वीस-पंचवीस पक्षी एकदम डोक्यावरून जातात. वेगवेगळ्या जाती एकत्र चरत फिरतात, त्याला मिश्र थवा म्हणतात. श्रीलंकेच्या सिंहराजात या थव्यांचा कणा म्हणजे नारिंगी चोचीचे सातभाई आणि तुरेवाला कोतवाल. या दोघांचे आवाज आधी ऐकून पाठ केले, तर थवा दिसण्यापूर्वीच तुम्ही तयार असता.

थवा आला की दुर्बीण इकडून तिकडे फिरवण्याचा मोह होतो आणि शेवटी एकही पक्षी धड दिसत नाही. एक पक्षी धरा, ओळख पटेपर्यंत तोच पाहा, मग पुढचा. खालच्या झुडपांपासून सुरू करा आणि वर जा. शेंड्यावरच्यांसाठी आधीच मान ताणून बसलात तर जवळचा माशीमार निसटतो. थव्यामागे झाडीत घुसू नका. तो कुठल्या दिशेला सरकतोय ते बघा आणि वाटेवरूनच पुढे जाऊन थांबा. सोबत्यांना जागा सांगताना झाडाचा घड्याळासारखा उपयोग करा: ‘पांढऱ्या खोडाचं झाड, दोन वाजता, शेंड्यापासून हातभर खाली.’ ‘तो बघ, तिकडे’ याने कोणालाच काही सापडत नाही.

पनामाच्या सोबेरानियासारख्या जंगलांत लष्करी मुंग्यांची धाड निघते. पालापाचोळ्यातून पळणारे किडे टिपायला मुंगीपक्षी तिच्या पुढे-पुढे राहतात. धाडीच्या बाजूला काही पावलं अंतर ठेवून उभे राहा, पँट मोज्यांत खोचा आणि दर मिनिटाला पायाखाली बघा. याच्याइतकंच फळ देतं ते फळांनी लगडलेलं अंजीरवर्गातलं झाड. त्याच्याखाली तीन तास बसणं तीन तास चालण्यापेक्षा फायद्याचं ठरतं, कारण धनेश, तांबट, हरोळ्या आलटून पालटून येतच राहतात.

थायलंडच्या खाओ याईत धनेशांच्या चार जाती आहेत. विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. नर येतो, घशात साठवून आणलेली फळं एकेक करून वर काढतो आणि फटीतून आत देतो. माणसं जवळ असली तर तो शेजारच्या झाडावर बसून राहतो, किंवा घिरटी घालून परत जातो. असं होताना दिसलं की ताबडतोब मागे व्हा. आत बसलेली मादी आणि पिल्लं पूर्णपणे त्याच्याच आणण्यावर जगत असतात. पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी मोबाइलवरून त्याचा आवाज वाजवणंही टाळा. तो हद्द राखायला धावून येतो आणि चरण्याचा, घरट्याचा वेळ त्यात घालवतो. अनेक उद्यानांत त्याला बंदीच आहे.

पाण्यावर

युगांडातल्या माबाम्बा दलदलीत शूबिल हा जोड्यासारख्या चोचीचा मोठा पक्षी बघायला लहान होडीतून जातात. फुप्फुसमाशाची वाट बघत तो तासन्तास स्तब्ध उभा राहतो, त्यामुळे उडणारा पक्षी शोधू नका, पपायरसच्या उंच लव्हाळ्यात न हलणारी करडी आकृती शोधा. होडी कोणतीही असो, पक्ष्याच्या अलीकडेच इंजिन बंद करायला सांगा आणि उभं राहू नका. काठावर स्कोप लावताना मगरींचा विचार करून पाण्यापासून लांब राहा. पाणघोडे रात्री चरायला जमिनीवर येतात. पहाटे परतणारा पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये कधीही सापडू नये.

सामान

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी व्यासाच्या पुढच्या भिंगांची. ४२ भागिले ८ म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिमी, १०×४२ मध्ये तोच ४.२ मिमी होतो. दाट झाडीखालच्या अंधारात हा फरक जाणवतो, शिवाय आठपटीत हात कमी हलतो आणि जास्त जागा दिसते. दोन मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते का ते विकत घेतानाच तपासा. पाणथळीसाठी स्कोप लागतो, पण २०–६० पटीची झूम असली तरी नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते आणि ६० पटीत नुसती ती थरथरच दिसते. तेव्हा २५–३० वर या.

वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढलेल्या दुर्बिणीवर धुकं धरतं आणि पहिली पंधरा मिनिटं वाया जातात. रात्री ती वातानुकूलन नसलेल्या जागी ठेवा, किंवा बंद पिशवीतच बाहेर न्या आणि गरम झाल्यावर उघडा. दमट हवेत भिंगांवर बुरशी येते. रोज संध्याकाळी पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. डीट असलेलं डासरोधक प्लास्टिक आणि रबर विरघळवतं, म्हणून ते लावल्यावर तळहात पुसल्याशिवाय दुर्बिणीला हात लावू नका. सनस्क्रीन आधी, डासरोधक नंतर.

कपडे मळकट हिरवे किंवा खाकी, पूर्ण बाह्यांचे. आफ्रिकेत गडद निळा आणि काळा रंग टाळा, त्सेत्से माश्या त्यांच्याकडे ओढल्या जातात. जळवांसाठी घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे पँटवरून चढवा. चिकटलेली जळू मीठ किंवा पेटत्या काडीने काढू नका. तिच्या निमुळत्या टोकाजवळ नख सरकवून ते सोडवा, मग दुसरं टोक.

डॉक्टरांकडे चार ते सहा आठवडे आधी जा. पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी वैध होतं. हिवतापाच्या काही गोळ्या प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात, काही दोन-तीन आठवडे आधी, आणि परतल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. बरं वाटतंय म्हणून त्या मध्येच सोडू नका.

निघण्याआधी आणि रोज रात्री

सगळं पुस्तक पाठ करायला जाऊ नका. आधी कुळं शिका: चोच, पाय, बसण्याची ढब. मग त्या जागी हमखास दिसणारे चाळीस-पन्नास पक्षी आणि दहा-पंधरा आवाज. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या उद्यानाची त्याच महिन्यातली यादी मिळते. मर्लिन या पक्षी ओळखण्याच्या ॲपमधला त्या प्रदेशाचा भाग घरूनच उतरवून घ्या, जंगलात नेटवर्क नसतं. मर्लिनने आवाजावरून सुचवलेलं नाव डोळ्यांनी खात्री होईपर्यंत यादीत घेऊ नका.

अनोळखी पक्षी दिसला की पुस्तक नंतर उघडा. आधी चोचीचा आकार, पायांचा रंग, पंखांवरचे पट्टे, शेपटी, काय करत होता आणि किती उंचीवर होता, हे लिहून काढा. चित्र बघितलं की स्मरण त्या चित्राकडे झुकतं. यादी प्रत्येक वाटेची वेगळी ठेवा, वेळ आणि अंतरासह. दुर्मीळ पक्ष्याचं घरटं सापडलं असेल तर त्याची नेमकी जागा कुठेही टाकू नका, उद्यानाच्या वनरक्षकाला तेवढी कळवा.