स्वस्तातला बॅटरी स्पॉट वेल्डर: घेताना काय बघावं, वापरताना काय जपावं

१८ व्होल्टच्या कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटरीत १८६५० मापाचे किमान पाच सेल एकामागोमाग जोडलेले असतात. सेल थकले की नवे बसवता येतात, अडतं ते जोडणीपाशी. सेलवर थेट सोल्डरिंग केलं तर उष्णता आत उतरते आणि सेल खराब होतो. स्पॉट वेल्डर काही मिलिसेकंदच, पण शेकडो अँपिअर करंट सोडतो. त्यामुळे सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा टाका बसतो आणि सेल फार तापत नाही.

स्वस्तात मिळतात ते मुख्यतः तीन प्रकार. पहिला हातात धरायचा, आत लिथियम बॅटरी असलेला. दुसरा म्हणजे कारच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारं, मॉसफेटची (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचची) रांग असलेलं उघडं सर्किट. तिसरा घरच्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मरवाला, ज्याने जुन्या वायरिंगच्या घरात एमसीबी पडू शकतो. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून घरी बनवलेला चौथा प्रकारही व्हिडिओंत दिसतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो.

वर्षाकाठी एक-दोन पॅक करायचे असतील तर माझ्या मते हातातलाच घ्यावा. जाहिरातीत ‘०.३ मिमी पट्टी जोडतो’ असं लिहिलेलं असतं, तिथे पट्टी कसली हे विचारा. निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्टीचा रोध जास्त, म्हणून ती सहज चिकटते. शुद्ध निकेलला जास्त करंट लागतो. स्वस्त यंत्राकडून शुद्ध निकेलची ०.१ ते ०.१५ मिमी पट्टी नीट बसली तरी पैसे वसूल. स्क्रीन रंगीत आहे की नाही यापेक्षा वायरी जाड आणि आखूड आहेत का ते बघा.

पट्टी पुण्याच्या टापकीर गल्लीतून घ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, तिची परीक्षा घरीच करा. चुंबकाचा उपयोग नाही, दोन्ही चिकटतात. तुकडा पॉलिश पेपरने खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. तांबूस गंज आला तर पट्टी लोखंडी.

कारच्या बॅटरीवर चालणारं सर्किट घेतलं असेल तर एक धोका आधी समजून घ्या. मॉसफेट जळतो तेव्हा बऱ्याचदा बंद न होता कायमचा चालू राहतो. मग पायाचं पेडल न दाबताही वेल्डरच्या टोकांतून करंट वाहतो, वायरी तापून लाल होतात. म्हणून यंत्र आपोआप नव्हे, पेडल दाबल्यावरच टाका मारेल असं ठेवा आणि काम सुरू करण्याआधी दोन टोकांमध्ये दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब धरा. पेडल न दाबता तो पेटला तर काम तिथेच थांबवा. बॅटरीचा जोड एका झटक्यात काढता येईल असा, हाताशी हवा. बॅटरी गाडीतून काढूनच वापरा. ती चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे चार्जर लावून वेल्डिंग करू नका.

आता सराव. सेलवर नको, कटरच्या जुन्या पात्यावर. पट्टी ठेवा, तांब्याची टोकं ३ ते ५ मिमी अंतरावर घट्ट दाबा आणि सर्वांत कमी सेटिंगपासून एकेक टाका मारत वर जा. मग पक्कडीने पट्टी सोला. पट्टी फाटून तिचे ठिपके पात्यावरच राहिले तर टाका पक्का. अलगद निघाली तर करंट कमी. ठिणग्या उडून भोक पडलं तर दाब कमी पडला किंवा पल्स, म्हणजे करंटचा झटका, लांबला. टोकं काळी पडली की कानशीने घासा.

सेलकडे वळण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढा आणि चष्मा लावा. टेबल लाकडी हवं. गॅसची शेगडी लांब, वाळूची बादली जवळ. सेल पूर्ण चार्ज केलेले नसावेत. मीटरवर २ व्होल्टच्या खाली गेलेला, फुगलेला किंवा वास येणारा सेल बाजूला काढा. समांतर जोडायच्या सेलांचं व्होल्टेज आधी जुळवून घ्या.

सर्वांत जपायचं ते पॉझिटिव्ह टोक. १८६५०चा सगळा पत्रा निगेटिव्ह असतो, अगदी वरच्या टोपीभोवतीच्या काठापर्यंत. मध्ये असतं ते नखभर प्लास्टिकचं वेष्टन. पट्टी त्या काठावर टेकली आणि वेष्टन वितळलं तर थेट शॉर्ट. म्हणून टोपीभोवती इन्सुलेशन पेपरची चिकट चकती आधी लावा. पट्टीला मध्ये उभी चीर दिली तर करंट पट्टीतूनच निसटत नाही, सेलच्या पत्र्यातून जातो आणि टाका खोल बसतो. प्रत्येक टोकाला चार ते सहा टाके पुरे, मध्ये सेल गार होऊ द्या. बीएमएसच्या (सेलांवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटच्या) वायरी पट्टीला आधीच सोल्डर करा, मग पट्टी सेलवर बसवा.

पहिलं चार्जिंग तुम्ही जागे असताना, मोकळ्या फरशीवर करा. काढलेल्या जुन्या सेलांच्या टोकांना टेप लावून ते ई-कचरा संकलनात द्या, घंटागाडीत नको.