चिपची लांबी मोजून शिअर अँगल कसा काढायचा

वागळे इस्टेटच्या गाळ्यांत नाहीतर रबाळे-महापेला ट्रेनिंगला लागलेली डिप्लोमाची पोरं शिअर अँगलचा फॉर्म्युला घडाघडा म्हणतात, पण लेथच्या ट्रेमधली चिप (कापताना निघालेली धातूची पट्टी) हातात देऊन काढ बघू म्हटलं की गप्प. साधा लेथ, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, एमएसचा (माइल्ड स्टीलचा) राउंड बार, दोरा आणि पट्टी, एवढ्यात होतं.

आधी एक समजून घ्या, चिप काही सालीसारखी सोलून निघत नाही. मटेरियल टूलच्या टोकापासून वर जाणाऱ्या तिरक्या प्लेनवर घसरतं (हे प्लेन कापण्याच्या दिशेशी जो कोन करतं तोच शिअर अँगल), त्यामुळे चिप मूळ थरापेक्षा जाड आणि आखूड होते. नीट बघा, टूलवर घासलेली बाजू चकचकीत असते, दुसरी खरखरीत.

आता त्या खरखरीत बाजूमुळे मायक्रोमीटर जाडी जास्तच दाखवतो, म्हणून सरळ लांबी मोजा. बारवर हॅकसॉने उभी, म्हणजे अक्षाच्या दिशेने, खाच मारा, डेप्थ ऑफ कटपेक्षा (टूल बारमध्ये जितकं आत शिरतं त्यापेक्षा) जरा खोल, म्हणजे दर फेऱ्याला चिप तिथे तुटेल (धक्का बसतो, कार्बाइड इन्सर्ट वापरलात तर त्याचा कोपरा उडायचा, म्हणून एचएसएस). मशीन बंद करून चिप पक्कडीने उचला, हाताने नको, ब्लेडसारखी कापते. चकचकीत बाजूवरून दोरा फिरवा आणि पट्टीवर मोजा. चार-पाच चिपांची सरासरी घ्या.

समजा बार ५० मिमी, डेप्थ २ मिमी, तर मधला व्यास ४८, घेर साधारण १५१, त्यातून खाचेचा १ मिमी गेला, उरले १५०. चिप ६० मिमी भरली तर रेशो, म्हणजे चिपची लांबी भागिले कापलेली लांबी, ०.४. टूलचा रेक, म्हणजे चिप ज्यावर घासते त्या तोंडाचा तिरकेपणा, १० अंश धरा. रेशो गुणिले कॉस १० म्हणजे ०.३९४, त्याला भागायचं १ वजा रेशो गुणिले साइन १०, म्हणजे ०.९३१ ने. उत्तर ०.४२३, त्याचा टॅन इन्व्हर्स जवळपास २३ अंश, झाला तुमचा शिअर अँगल.

मग बाकी सगळं तेच ठेवून फक्त रेक वाढवा, किंवा कमी स्पीडला कटिंग ऑइल सोडून बघा. चिप लांब आणि पातळ यायला लागली की अँगल वाढला, लोड कमी झाला. मर्चंट या संशोधकाचं शिअर अँगलचं समीकरण, ४५ अधिक निम्मा रेक वजा निम्मा फ्रिक्शन अँगल (चिप आणि टूलमधल्या घर्षणाचा कोन), हेच सांगतं, आकडा मात्र बरेचदा जुळत नाही, त्यावर डोकं आपटू नका. आणि हे बिडावर करायला जाऊ नका, त्याची चिप भुगा होऊन पडते, मोजणार काय!