मदतनिधीच्या लिलावासाठी आंब्याचा वाडगा कसा कातावा

लिलावात घेतलेलं भांडं परत करायला कुणी येत नाही. मदत म्हणून दुप्पट पैसे मोजलेला माणूस सहा महिन्यांनी वाडग्याला उभा तडा गेला तरी संकोचाने गप्प बसतो आणि भांडं माळ्यावर जातं. दुकानात विकायच्या भांड्यापेक्षा लिलावाच्या भांड्याची जबाबदारी म्हणूनच मोठी. हा तडा कातण्यात चूक झाली म्हणून सहसा जात नाही. लाकूड अर्धवट वाळलेलं असताना घाई केली, म्हणून जातो.

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, हात बसलेला आहे, हत्यारांना धार आहे, डोळ्यांवर शिल्ड आणि नाकावर मास्क आहे, हे गृहीत धरलं आहे. इथे २५० मिमी व्यासाचा आणि साधारण १०० मिमी उंचीचा शोभेचा वाडगा धरला आहे. लाकूड आंब्याचं, कारण मे-जूनच्या वाऱ्यात आंब्याच्या फांद्या पडतात आणि बहुतेक त्या जळणातच जातात. पडलेली फांदी मालकाला विचारून घ्या. शहरात उभं झाड तोडायचं तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते; त्या वाटेला जाऊ नका. चिकाने अंगावर पुरळ उठणाऱ्यांनी ओला आंबा कातूच नये. त्यांच्यासाठी बाभूळ बरी.

ओंडका निदान ३०० मिमी जाडीचा हवा. शक्यतो पडला त्याच दिवशी कापा. तसं जमलं नाही तर दोन्ही टोकांना लगेच जाड ऑइलपेंट फासून ठेवा. ओंडका उभा चिरताना मधला बिंदू, जिथून वर्तुळं सुरू होतात तो, दोन्ही बाजूंनी २५ मिमी लाकडासकट काढून टाका. तो बिंदू वाडग्याच्या तळात राहिला तर तडा ठरलेलाच. त्यावर कोणतंही मेण, तेल किंवा गोंद चालत नाही.

वाडगा दोनदा कातायचा: आधी ओला आणि जाड, मग वाळल्यावर पातळ. पहिलं कातणं सोपं आहे. फेसप्लेटवर, म्हणजे लेथला लागणाऱ्या लोखंडी थाळीवर, स्क्रूने बसवा, मिनिटाला ४०० ते ५०० फेऱ्यांवर सुरू करा, गोल झाल्यावर वेग वाढवा. बाहेरून गोल पटाशी तळाकडून काठाकडे चालवा आणि आतून काठाकडून मध्याकडे. भिंत आणि तळ दोन्हींची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे २५ मिमी, आणि सगळीकडे सारखी ठेवा. भिंत २५ आणि तळ ४० असा वाडगा तळातूनच फुटतो, कारण पातळ भाग आधी आकसतो आणि जाड भाग त्याला आकसू देत नाही. चकात (लेथच्या जबड्यांच्या पकडीत) पकडायची खालची टाच ६० मिमी व्यासाची ठेवा, जबडे ५० मिमीला उत्तम पकडत असले तरी. ती वाळताना लंबगोल होणार आहे आणि नंतर पुन्हा गोल करावी लागणार आहे. टाचेच्या मध्यावरची टेलस्टॉकची (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूची) खूण पुसू नका.

आंब्याच्या सालीखालचं पांढरं लाकूड किडीला फार आवडतं. लिलावानंतर टेबलावर पिठासारखी भुकटी पडायला लागली तर पाहवत नाही. एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. ओल्या वाडग्याला आतून-बाहेरून ब्रशने दोन-तीन हात द्या आणि आठवडाभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. लाकूड ओलं असतानाच औषध आत मुरतं. वाळलेल्या लाकडावर ते वरच्या वर राहतं.

आता वाळवणं. लेखातला हा भाग दोनदा वाचा.

लाकूड रेषेच्या दिशेने, म्हणजे फांदीच्या लांबीत, जवळजवळ आकसत नाही. मध्यापासून सालीकडे आकसतं, आणि वर्तुळांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून प्रत्येक ओला वाडगा वाळताना लंबगोल होतो. होऊ द्या, २५ मिमी जाडी त्यासाठीच ठेवली आहे. बाहेरचा थर आतल्यापेक्षा भराभर वाळला तर मात्र वाडगा फाटतो. त्यामुळे बाहेरची बाजू आणि काठ मेणाने बंद करा, आतली बाजू उघडी ठेवा. साधं मेणबत्तीचं मेण चालतं, पण ते गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. थेट गॅसवर मेण ठेवलं तर पेट घेतं. काठाच्या ज्या दोन समोरासमोरच्या भागांत लाकडाची तुटकी टोकं दिसतात, तिथे मेणाचा दुसरा हात द्या. पाणी तिथूनच सगळ्यात वेगाने निघून जातं.

मग खाकी कागदाची पिशवी, किंवा वर्तमानपत्राचे चार थर. पहिल्या आठवड्यात कागद रोज बदला, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते आणि आंब्यावर निळसर डाग उमटतात. फळीवर, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, जमिनीपासून हातभर उंच ठेवा.

उन्हात ठेवू नका. गच्चीवर ठेवू नका. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. पातळ वाडग्याला ते एखाद्या वेळी जमतं, २५ मिमी जाडीला आतून तडे देतं आणि ते बाहेरून दिसतही नाहीत. स्पिरिटमध्ये बुडवून वाळवायचा सल्ला बराच फिरतो. त्यात फक्त स्पिरिट वाया जातं.

वाडगा वाळला की नाही हे सांगणारी एकच भरवशाची वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि तारखेसह वाडग्याच्या आत पेन्सिलीने लिहा. जूनमध्ये कातलेल्या वाडग्याच्या पोटात रकाना साधारण असा दिसेल:

१२ जून – २०४० ग्रॅम
१ ऑगस्ट – १५६०
५ सप्टेंबर – १४५५
२० सप्टेंबर – १४५०

इथे भलेभले फसतात. वजन थांबलं म्हणजे लाकूड वाळलं, असं समजून दुसरं कातणं उरकतात. खरं तर लाकूड त्या वेळच्या हवेशी बरोबरीत आलेलं असतं, एवढंच. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्के असते आणि अशा हवेत लाकडात १६ ते २० टक्के पाणी टिकून राहतं. तोच वाडगा पुण्यातल्या एसीच्या दिवाणखान्यात गेला, जिथे आर्द्रता ४० ते ४५ टक्के आहे, की लाकडाला जेमतेम ८ टक्क्यांवर यायचं असतं. रकान्यातल्या वाडग्यात सप्टेंबरअखेर अजून शंभर ग्रॅमहून अधिक पाणी आहे, म्हणजे अर्धा पेला. भिंत तोपर्यंत ७ मिमीची झालेली असेल तर हे पाणी निघताना ती वाकते, आणि वाकायला जागा मिळाली नाही तर फुटते.

दुसरा धोका ऑक्टोबरचा. पाऊस ओसरला की आठ-दहा दिवसांत हवा कोरडी पडते, आणि पावसाळाभर शहाण्यासारखा राहिलेला वाडगा ऑक्टोबर हीटमध्ये एका दुपारी कडकन वाजतो. म्हणून परतीचा पाऊस संपताना कागदाचे थर कमी करण्याऐवजी दोन वाढवा. दिवाळीनंतर एकेक थर काढा, डिसेंबरात वाडगा उघडा ठेवा. नोव्हेंबरअखेर १३९०, जानेवारीत १३४०, आणि त्यानंतर चार आठवडे काटा हलत नसेल तर लाकूड तयार. किनारपट्टीवर राहत असाल तर शेवटचे तीन आठवडे रोज एसी चालणाऱ्या खोलीत ठेवा.

हिशेब सरळ आहे: जूनचं लाकूड फेब्रुवारी-मार्चच्या लिलावाला पुरतं. दिवाळीच्या लिलावासाठी जूनची फांदी घेऊ नका. वखारीतून जुनं, पूर्ण वाळलेलं सागवान आणा, किंवा आयोजकांना नम्रपणे नाही म्हणा.

दुसऱ्या कातण्यात आधी वाडगा उलटा करून लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवा, टेलस्टॉक जुन्या खुणेवर आणा आणि टाच पुन्हा गोल करा. मगच चकात पकडा. बाहेरची बाजू पूर्ण करा. आत काठापासून ३० मिमी खोलीपर्यंत भिंत ७ मिमीवर आणा, तेवढा पट्टा तासून संपवा आणि मग पुढच्या ३० मिमीकडे जा. खाली पोचल्यावर काठावर पुन्हा पटाशी लावायची नाही. पातळ झालेला काठ थोडा हलतो, थरथरतो आणि हत्यार ओढून घेतो. भिंत जिथे तळाकडे वळते तिथे पटाशी बाहेर ढकलली जाते आणि कंगोरा उरतो. पटाशीचा दांडा आपल्या दिशेने हळूहळू फिरवत न्या, धारेमागचा उतार लाकडाला टेकलेला राहू द्या.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२०. पुढे जायची गरज नाही.

अळशीच्या डबल बॉइल्ड तेलाचे तीन हात, प्रत्येकी एका दिवसाच्या अंतराने, शेवटी मधमाशांचं मेण. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. वास जायला पंधरा दिवस द्या. टाच काढताना तळ किंचित खोलगट ठेवा, म्हणजे वाडगा कडेवर स्थिर बसतो.

वाळताना पडलेली केसाएवढी चीर दुसऱ्या कातण्यात निघून गेली तर ठीक. तळाच्या आरपार गेली असेल तर तो वाडगा घरी ठेवा. सुपरग्लू आणि भुसा भरून लपवलेला तडा लिलावात द्यायचा नाही.

वाडग्यासोबत एक छोटी चिठ्ठी ठेवा: लाकूड आंबा, फांदी कुठली आणि कधी पडलेली, कातल्याचा आणि पूर्ण केल्याचा महिना, माप, अळशीचं तेल आणि मेण. खाली ठळक अक्षरांत: शोभेसाठी, खाद्यपदार्थांसाठी नाही, लाकडाला बोरॅक्स दिलेलं आहे, पाण्यात भिजवू नये, खिडकीच्या उन्हात ठेवू नये. पेन्सिलीचा रकाना आतून कातला गेलेला असतो, म्हणून पहिलं आणि शेवटचं वजन याच चिठ्ठीवर उतरवून द्या.