स्विचवर व्हीलॅन करताय? मग पीव्हीआयडी आधी बघा

बिलिंगचे पीसी, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं करायचंय म्हटलं की ‘तीन नेटवर्क स्विच घ्या’ हा सल्ला शिरोली एमआयडीसीत अजून मिळतो. काही गरज नाही. ब्राउझरमध्ये सेटिंगचं पान उघडणारा एक मॅनेज्ड स्विच पुरतो. त्यात व्हीलॅन करायचे, म्हणजे एकाच स्विचवर आकडे देऊन वेगळी केलेली नेटवर्क.

आधी कागदावर लिहून काढा: ऑफिस १०, कॅमेरे २०, पाहुणे ३०. आकडा १ ते ४०९४ मधला कुठलाही चालतो, पण १ ला हात लावू नका, तो स्विचचा मूळ व्हीलॅन आहे. आयपीही आकड्याला जुळता ठेवा, २० ला १९२.१६८.२०.x, म्हणजे रात्री अकराला फोन आला तरी डोकं चालतं.

स्विचमध्ये तिन्ही व्हीलॅन तयार करा. दोन मिनिटं.

आता पोर्ट. माझी फजिती इथेच झाली होती. एका फाउंड्रीत पाच नंबरच्या पोर्टवर पाहुण्यांचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा डबा, होता. तो पोर्ट ३० मध्ये ‘अनटॅग्ड’ केला (म्हणजे डेटावर व्हीलॅनच्या आकड्याचा टॅग न लावता), मोबाइलवर इंटरनेट आलं, चहा पिऊन निघालो. आठवड्याभरात मालकांचा फोन: “साहेब, बिलिंगच्या प्रिंटरमधनं बारशाचा फोटो आलाय!” गेटवर थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने पाहुण्यांच्या वायफायवरून तो पाठवला होता. मी आधी वायफायचा पासवर्ड बदलला, मग राउटर रिसेट केला. दोन्ही वेळा चूक भलतीकडेच शोधत होतो.

झालं होतं असं. पोर्टचे नियम दोन पानांवर असतात आणि दोन वेगळ्या दिशांना लागतात. टॅग्ड-अनटॅग्ड हे बाहेर जाणाऱ्या डेटासाठी. आत येणाऱ्या बिनटॅगच्या डेटावर कुठला शिक्का मारायचा, हे पीव्हीआयडी ठरवतो. कारखान्याच्या गेटवर वॉचमन पास देतो ना, तसं. माझा पीव्हीआयडी १ वरच राहिला होता आणि तो पोर्ट व्हीलॅन १ मध्येही अनटॅग्ड होताच. बिलिंगचा प्रिंटरही तेव्हा १ मध्येच होता. म्हणजे पाहुण्यांच्या हातात ऑफिसचाच पास! सगळं चालू दिसत होतं, म्हणून मला शंकाही आली नाही. अशा वेळी काहीतरी बंद पडलेलं परवडतं.

म्हणून पीसी, कॅमेरा, ॲक्सेस पॉइंटच्या प्रत्येक पोर्टवर तीन गोष्टी, याच क्रमाने: नव्या व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड करा, पीव्हीआयडी तोच करा, मग १ मधून काढा. ज्या पोर्टवर तुमचा लॅपटॉप आहे, तो मात्र शेवटपर्यंत १ मध्येच राहू द्या. नाहीतर स्विचचं पान बंद होतं आणि रिसेटच्या भोकात टाचणी खुपसत बसावं लागतं. मी बसलोय.

राउटरकडे आणि दुसऱ्या स्विचकडे जाणारा पोर्ट तिन्ही व्हीलॅनमध्ये टॅग्ड करा, दोन्ही टोकांना. मधे कुठे साधा स्विच लपलेला असेल तर तो काढून टाका. टॅगचे चार बाइट जास्तीचे असतात, काही स्वस्त डबे ते नीट पुढे नेत नाहीत.

राउटरवर प्रत्येक व्हीलॅनला वेगळं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) द्या, आणि ३० कडून १० कडे जाणारी वाट फायरवॉलमध्ये बंद करा. बरेच राउटर व्हीलॅनमधली ये-जा मुळातच खुली ठेवतात. नुसत्या व्हीलॅनवर विसंबणाऱ्यांचा प्रिंटरही बारशाचे फोटो काढेल.

तपासताना ‘इंटरनेट चालतंय का’ विचारू नका, आयपी बघा. पाहुण्यांच्या वायफायवर १९२.१६८.३०.x दिसायला हवा आणि तिथून प्रिंटरला पिंग केल्यावर उत्तर यायला नको.

‘ॲप्लाय’ दाबलं म्हणजे सेव्ह झालं असं समजू नका. बऱ्याच स्विचवर ‘सेव्ह’ वेगळं असतं. ते दाबा, मग स्विचची वायर काढून परत लावा आणि आयपी पुन्हा बघा. लाईट गेल्यावर कळण्यापेक्षा तुम्ही तिथे असतानाच कळू दे.