पार्किन्सनचा जीन रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्ट हातात आला की डोळे 'पॉझिटिव्ह' शोधतात. आधी जनुकाचं नाव बघा. मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा भागातल्या, डोपामाइन बनवणाऱ्या पेशींचं घोडं कुठे अडलंय, ते त्यावरून कळतं.

पिंक१ किंवा पीआरकेएन असेल तर गोष्ट मायटोकॉन्ड्रियाची. पेशीची ही वीजघरं निकामी झाली की पिंक१ त्यांच्यावर साठतं आणि पार्किन या प्रथिनाला (ते पीआरकेएन जनुक बनवतं) बोलावतं, मग ती मोडीत निघतात. जनुक बिघडलं की हे थांबतं: पंचायतीची कचऱ्याची गाडी महिनाभर फिरकली नाही तर दाराशी जे साचेल, तेच इथे पेशीत साचतं. पण त्यासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. 'हेटरोझायगस' म्हणजे एकच प्रत बिघडलेली. तेवढ्यावरून आजाराचं कारण सापडलं असं धरू नका.

जीबीए१ मध्ये लायसोझोममधलं (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीतलं) एक एन्झाइम कमी पडतं आणि अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या वाढतात. धोका वाढतो खरा, तरी असा दोष असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. एलआरआरके२ उलट: तिथे वेगळंच एन्झाइम गरजेपेक्षा जास्त राबतं. एसएनसीएची जादा प्रत असेल तर अल्फा-सिन्युक्लिनच जास्त बनतं, हे दुर्मीळ.

आता खरी गोची. पीआरकेएनमध्ये अनेकदा डीएनएचं एखादं अक्षर चुकण्याऐवजी अख्खा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो, आणि साध्या सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनएची अक्षरं वाचण्यात) तो निसटू शकतो. आजार चाळिशीच्या आत सुरू झाला आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' असेल, तर 'एमएलपीए (असे गळालेले-दुप्पट तुकडे पकडणारी तपासणी) झाली का?' हे विचाराच. 'व्हीयूएस' लिहिलं असेल तर सापडलेल्या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही. त्यावर काहीच ठरवू नका.

रिपोर्टइतकीच वंशावळ महत्त्वाची. चवथीला मूळ घरी सगळे जमतात, तेव्हाच तीन पिढ्या कागदावर काढा. 'पार्किन्सन होता का?' विचारून उपयोग नाही, जुन्यांना ते नावच माहीत नसायचं. पाय घासत चालायचे का, अक्षर बारीक झालं होतं का, सुक्या बांगड्याचा वास यायचा बंद झाला होता का, आणि कितव्या वर्षी, हे विचारा. कप उचलताना थरथरणारा हात बहुधा वेगळ्या आजाराचा. मांडीवर निवांत ठेवलेला थरथरत असेल तर ठळक खूण करा. आजारी माणसाचे आई-वडील एकमेकांच्या नात्यातले होते का, तेही लिहा.

हा कागद रिपोर्टसोबत बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत न्या. लेव्होडोपाची गोळी रिपोर्ट बघून स्वतःहून बदलू नका, आणि अठराच्या आतल्या, लक्षणं नसलेल्या मुलांची जनुक तपासणी करू नका.